वकीलपत्राआधीचा निकाल

गुलमंडीवरच्या त्या वकिली कार्यालयात जिना चढून आलेला एकही पक्षकार दुसऱ्यांदा आला नाही.

कार्यालयात उणीव म्हणावी अशी एकही गोष्ट नव्हती. खाली कापडाचे दुकान, वर तीन नामवंतांचा संसार. बाहेरच्या पाटीवर कर्तबगारी मिरवायला नियमाची आडकाठी असल्यामुळे ती आतल्या भिंतीवर, संगमरवरी फरशांत कोरून लावली होती. पहिल्या फरशीप्रमाणे ॲड. मोतीराम साबळे यांनी उभी हयात जमिनीच्या दाव्यांत वादीची बाजू मांडली होती. दुसरीप्रमाणे ॲड. सुलेखा पाथ्रीकर यांनी तेवढीच हयात प्रतिवादीची बाजू सांभाळली होती, आणि बहुतेक वेळा समोर मोतीरामच होते. तिसरी फरशी निवृत्त जिल्हा न्यायाधीश काकासाहेब वाकळे यांची. त्यांच्यापुढे आलेले प्रकरण कधी निकालाविना रेंगाळले नाही, असे तीवर लिहिले होते, आणि ते खरे होते.

या तिघांच्या हाताखाली तनुजा गव्हाणे ही कनिष्ठ वकील होती. कायद्याकडे वळण्यापूर्वी तिने रसायनशास्त्राची पदवी घेतली होती, आणि तीच आता तिच्या गळ्याशी आली होती. कन्नडच्या शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा तिच्या चुलत्यांनी हेरून ठेवली होती. दिवाळीपर्यंत एक तरी दावा तिच्या सहीच्या वकीलपत्रासह न्यायालयात दाखल झाला तर काळा कोट राहणार होता. नाही तर कन्नड. दिवाळी तोंडावर आली होती आणि वकीलपत्रांचा गठ्ठा कोराच होता.

काकासाहेबांच्या शिस्तीनुसार पक्षकार आत बोलत असताना कनिष्ठाने बाहेर थांबायचे. त्यामुळे तनुजाला दिसे ते एवढेच: माणूस तावातावाने आत जाई आणि शांत होऊन बाहेर येई. तिने वकीलपत्र पुढे केले की तो म्हणे, "नको ताई. झालं आमचं काम." आणि जिना उतरे.

तनुजाने शास्त्रीय पद्धतीने शोध सुरू केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे परिणाम कशाचा ते कळते. प्रथम तिने खुर्च्या बदलल्या. लोक अधिक आरामात बसले आणि तसेच गेले. मग चहा सुरू केला. लोक चहा पिऊन गेले. शेवटी, एवढी थोरवी पाहून माणसे बिचकत असतील या तर्काने तिने संगमरवरी फरशांवर चादर टाकली. पक्षकारांवर याचा काही परिणाम झाला नाही, मात्र तिन्ही ज्येष्ठांवर झाला.

"माझ्या फरशीवर चादर कुणी घातली?" मोतीरामांनी विचारले.

"तुमच्या एकट्याच्या नाही हो, माझ्यावर पण घातलीय," सुलेखाबाई म्हणाल्या.

"सर्वांवर समान अन्याय झाला असल्याने तक्रारीस कारण उरत नाही," काकासाहेबांनी सांगितले, आणि चादर काढायला लावली.

आता एकच उपाय उरला होता. तनुजाने गंगापूरहून आपला सख्खा मामा बोलावला. कडुबामामांचे आणि शेजारच्या शिवमचे बांधावरून वितुष्ट होते, आणि मामा कोर्टात जायला एका पायावर तयार होते. घरचा माणूस तरी पळणार नाही, असा तिचा हिशेब होता.

"तने, तू संगं चल आत," मामा दाराशीच अडून बसले. "मला वकिलायची लई धास्ती वाटती."

पक्षकाराचीच विनंती असल्याने काकासाहेबांनी तिला कोपऱ्यात बसू दिले.

"बोला कडुबा," मोतीरामांनी प्रेमाने सुरुवात केली. "शिवमने तुमचा बांध कोरला, व्हय?"

"हरकत आहे," सुलेखाबाई म्हणाल्या. "माझे विद्वान मित्र साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालत आहेत."

काकासाहेबांनी डोळे मिटले. "हरकत मान्य."

तनुजाला वाटले, थट्टा चालली आहे. पण कुणीही हसत नव्हते.

"कडुबा, जमिनीची मोजणी कधी केली?" सुलेखाबाई उभ्या राहिल्या.

"मोजणी? नाय केली."

"म्हणजे बांध मुळात कुठं होता, हे तुम्हाला नक्की माहीत नाही."

"माहीत कसं नाय? बाभळ होती ना तिथं!"

"ती बाभूळ आता कुठाय?"

मामांनी भाचीकडे पाहिले. "तोडली."

"कुणी?"

"म्याच. पण वाळलेली होती, बाई!"

"म्हणजे बांधाची खूण तुम्ही स्वतः नष्ट केली. मला आणखी काही विचारायचं नाही."

मोतीरामांनी बाजू सावरण्याची शिकस्त केली. मामांचा साधा स्वभाव, वडिलोपार्जित वहिवाट, पिकाची हानी, सारे काही मांडले. त्यांचा आवाज भरून आला. काकासाहेबांनी टेबलावर पेन्सिल आपटली.

"वादी आपली हद्द शाबीत करू शकला नाही. दावा नामंजूर. खर्च ज्याचा त्याने सोसावा."

मामा उठले, त्यांनी हात जोडले आणि ते बाहेर पडले. तनुजा वकीलपत्र घेऊन जिन्यापर्यंत धावली.

"मामा, सही करा! अजून काहीच झालेलं नाही!"

"झालं की. हरलो."

"अहो, ते आता जज नाहीयेत!"

"मंग जजावानी बोलत्यात कशाला?" मामांच्या चेहऱ्यावर खेद नव्हता, उलट ओझे उतरल्यासारखा तो दिसत होता. "अन् हरलेल्या केसचं वकीलपत्र कोण करतं, येडे? बाभळ म्याच तोडली होती, हे खरंच हाय."

मामा जीपने गंगापूरला गेले आणि त्यांनी निकाल प्रामाणिकपणे शिवमला कळवला. दुसऱ्या दिवशी शिवम पेढ्यांचा पुडा घेऊन कार्यालयात हजर झाला.

"माझ्याकडून कोण लढलं?" त्याने विचारले.

"मी," सुलेखाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेढा घेतला.

"तुमचे लई उपकार झाले बाई. मला तर केस चालू हाय हेच ठाऊक नव्हतं!"

तो गेल्यावर तनुजाने आतले दार लावून घेतले आणि तिघांना सारे सांगितले. इथे लोक परत का येत नाहीत, आत काय घडते, आणि हे थांबले नाही तर तिचे काय होईल, हेही.

मोतीराम विचारात पडले. "पोरीच्या म्हणण्यात तथ्य आहे."

"हरकत आहे," सुलेखाबाई म्हणाल्या. "साक्षीदार तपासला एकच, आणि तोही सख्खा मामा."

"मग हे पेढे?" मोतीरामांनी विचारले. " हा पुरावा नाही का?"

"तुम्हीच खाल्लात की तो! शेवटचा पेढा उरला होता."

काकासाहेबांनी डोळे मिटले.

"साहेब," तनुजा काकुळतीला आली, "हात जोडते. एवढा एक निकाल देऊ नका."

"अर्ज नामंजूर," काकासाहेब म्हणाले. तिचा चेहरा पाहून ते विरघळले. "मात्र अर्जदारास अपिलाची मुभा आहे."

"कुणाकडे?"

काकासाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आमच्याकडेच."

तनुजाने गळ्यातला पांढरा बँड सोडला, घडी करून पिशवीत ठेवला आणि कन्नडला फोन लावला. येते म्हणाली. चुलत्यांनी विचारले, एवढी मोठी माणसे असून कार्यालय चालले का नाही? तिने प्रयोगाचा निष्कर्ष सांगावा तसे सांगितले.

वादीची बाजू मांडणारा, प्रतिवादीची बाजू मांडणारी आणि निकाल देणारा असे तिघे एका खोलीत बसले की ती खोली न्यायालय होते. तिथे येणाऱ्याचे प्रकरण पहिल्याच भेटीत निकाली निघत होते, आणि निकाली निघालेल्या प्रकरणाला वकील लागत नाही.