तुळशीराम आबांना काय आणायचं?

आमच्या अकोल्याच्या गल्लीत कुणाच्या आजी-आजोबांसाठी काही भेट आली, की ती आधी तुळशीराम आबांच्या तपासणीतून जाते. कुरियरवाला असो की पुण्या-मुंबईहून आलेला नातू, गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली आबा खुर्ची टाकून बसलेलेच. "काय आणलं गा? उघड." समोरचा बिचारा उघडतो. आबा ती वस्तू उलटीपालटी करून बघतात आणि निकाल देतात, "बुढ्याच्या कामाचं नाई हे. वापस ने!"

आता मला सांगा, यांना कोणी नेमलं? गल्लीने? सरकारने? पण विचारायची सोय नाही. विचारलं की आवाज चढतो. "बुढा जित्ता हाय अजून! जित्त्या माणसाले फोटोसारखं कायले सजवून राहिले?"

सगळ्यात मोठा राग शालीवर. उभा जन्म आबांनी हारफुलांचं दुकान चालवलं. शहरात कुठेही कुणा ज्येष्ठाचा सत्कार असला की हार यांच्याकडचा, आणि तो पोचवायला गेले की मागे उभं राहून सगळा कार्यक्रम बघायचे. "मे महिन्यात, शेचाळीस डिग्रीत, लोकरीची शाल! वरून नारय. ज्याच्या तोंडात दात नाई त्याले नारय! अन् माहा हार? गळ्यात घातला का लगेच काढून टेबलावर. अरे, वास तं घेऊ द्या त्याले!"

बोलणं खरं असेलही. म्हणून दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं? माझ्या मुलाने नागपूरहून माझ्या सासूबाईंसाठी ती फोटो बदलत राहणारी फ्रेम पाठवली. आबांनी कुरियरवाल्याला गल्लीतूनच परतवून लावलं. "त्या पोट्ट्याले सांग, फोटो नोको पाठवू, तोंड दाखव." मी डोक्याला दुपट्टा बांधून, भर दुपारी, स्कूटीवरून बसस्टँडपर्यंत त्या कुरियरवाल्याच्या मागे! फ्रेम घेऊन परत आले आणि तोंडावरच म्हटलं, "आबा, तुमाले काई लाजबीज हाय का नाई?"

ते काही बोलायच्या आत सासूबाईच दारात आल्या. "माह्या नातवानं माह्यासाठी पाठवलं. तुह्या बापाचं काय गेलं रे, तुळशीराम?" त्या फ्रेमसमोर त्या आजही दुपारभर बसतात आणि नातवाचा लहानपणीचा नागडा फोटो आला की पदर तोंडाला लावून हसतात. आबा साफ हरले होते, पण कबूल करतील तर आबा कसले! "बुढीले अक्कल नाई," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

इथवर मी चालवून घेतलं. पण गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी जे केलं, त्याने माझं डोकंच फिरलं.

रेणू ही त्यांची एकुलती एक नात. आईवडील अमरावतीला, ही पुण्यात नोकरीला. आजी गेल्यापासून आबा इथे एकटेच. पोरीने पहिल्या पगारातून आबांसाठी शाल घेतली, मऊसूत, चांगली महागाची. आबांनी पार्सल उघडलं, शाल पाहिली आणि आहे तशी डब्यात कोंबून परत पाठवली! रेणूचा मला फोन आला. बोलणं कमी, हुंदकेच जास्त. मी तणतणत गेले. "आबा, पहिला पगार होता तिचा! लोक देवापुढे ठेवतात. तिनं तुमच्यापुढे ठेवला अन् तुमी लाथाडला!"

आबांचं तोंड एवढंसं झालं. "मले काय मालूम?" म्हणाले.

मालूम नव्हतं, तर फोन करा! चुकलं म्हणा! जीभ झिजते का? नाही केला. तिचा रोज संध्याकाळी यायचा तो फोन बंद झाला. संध्याकाळ झाली की आबा फोन गुडघ्यावर ठेवून बसायचे आणि कुणी बघतंय असं वाटलं की घाईघाईने खिशात कोंबायचे. असं वर्ष गेलं. मला त्यांची चीड यायची आणि वाईटही वाटायचं. आजोबाला एकच नात, आणि तीही अशी हातची घालवायची?

परवा रेणू आली. आबांना पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून. ऑटोतून उतरली, खांद्याला बॅग, हात रिकामे. आबा खुर्चीतून उठून उभे राहिले. बाप्पा, वर्षाने दिसलेली नात, दोन गोड शब्द बोलावेत की नाही! पण जन्माची खोड. तोंडातून निघालं काय, तर "काय आणलं?"

रेणू भडकलीच. "काईच नाई आणलं! आणलं तं तुमी वापस पाठवता. साऱ्या गल्लीतल्या बुढ्यांले काय पायजे ते तुमाले समजते ना? मंग तुमचं सांगा. तुमाले काय पायजे? नाई सांगत तं मी ही चालली अमरावतीले."

आबा म्हणाले, "मले काय पायजे? सारं हाय माह्याजवळ."

रेणूने बॅग सावरली आणि वळली. हा माणूस आताही अडून बसला, तर ही पोरगी पुन्हा या गल्लीत पाय ठेवायची नाही!

"रेणू." आबांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "पायाची नखं काढून देशीन काय?"

ती थांबली. आबा जमिनीकडे बघत पुटपुटत होते. "वाकणं होत नाई आता. तुही आजी काढून देत जाये. ते गेली तवापासून... कोणाले म्हणू? शेजारच्या सुनेले म्हणू काय, माहे नखं काढ म्हणून?"

शेजारची सून म्हणजे मी. असा संताप आला मला त्यांचा! जगाला ओरडून सांगता येतं, कुणाला काय द्यायचं ते, आणि स्वतःचं एवढंसं सांगता येत नाही?

रागारागानेच घरात गेले आणि टबात कोमट पाणी आणून ठेवलं. नखं वाढून वळली होती, बाजूच्या बोटात रुतत होती. आबांना खुर्चीत बसवून रेणू समोर खालीच बसली, आबांचा भिजवलेला पाय तिने मांडीवर घेतला.

"हयू वं, हयू! बोट तोडतं काय?" आबा गल्ली डोक्यावर घेत होते, पण पाय काही मागे घेत नव्हते.

"सालभर फोन काहून नाई केला?" तिने मान वर न करता विचारलं.

"चुकलं माहं," आबा म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "लय चुकलं."

रेणूने नाक ओढलं आणि नखं काढत राहिली. पाचही बोटं झाली, तशी हात पुढे करून म्हणाली, "द्या आता दुसरा पाय."

आबांनी तो पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतला. "तो उद्या."

"आबा, माही संध्याकाळची गाडी हाय."

"एका दिवशी एकच पाय," आबा ठणकावून म्हणाले.

रेणूने ओले हात ओढणीला पुसले आणि अमरावतीला फोन लावला. "बाबा, मी आज नाई येत."