ब्रूसने उपटलेली शेती

गजभियेच्या घरी जायच्या आधी मी फोन करून विचारतो, "आज झाडं लावलीस का?" लावली असतील तर मोठ्याने हसायचं नाही, आणि शिंक आली तर बाहेर अंगणात जाऊन द्यायची. त्याच्या हॉलमध्ये भलामोठा फिश टँक आहे. त्यात नुकतं रोवलेलं झाड माणसांच्या आवाजाने सुटून वर तरंगतं, असा त्याचा ठाम समज आहे. "हळू बोल ना बाप्पा," तो कुजबुजतो. मूळचा नागपूरचा, इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये नोकरीला. एरवी अगदी शहाणा माणूस.

अधूनमधून तो टँकची सगळी मांडणी बदलतो. तो सोहळा बघण्यासारखा असतो. बाह्या पार खांद्यापर्यंत दुमडायच्या. देठाची खालची पानं खुडायची, लांब चिमट्यात देठ धरायचा आणि बारीक खडीत तिरका खुपसायचा. सरळ खुपसला तर "पाहुण्यासारखा लगेच उठून जाते". मग तळाशी स्टीलची ताटली ठेवून तिच्यावर तांब्याने बारीक धार सोडायची, म्हणजे खडी उकरली जात नाही. यात अख्खी दुपार जाते. मी सोफ्यावर बसून असतो. बाहेर धुकं उतरलेलं, आत दिव्याखाली पाणी हळूहळू चढतंय, पानं एकेक करून उभी राहताहेत, आणि आपण नक्की कुठल्या गावात आहोत हेच मला थोडा वेळ आठवत नाही. फार बरं वाटतं.

गावातल्या सगळ्या मराठी टँकांचा डॉक्टर तोच. माझ्या बायकोने, अनघाने, आमच्या टँकमध्ये जावा फर्न नावाच्या पाणवनस्पतीचा जाड देठ हळदीचा कंद समजून बोटभर खोल पुरला. तो कुजला. गजभियेने तोंड असं केलं, जणू घरात मयत झालंय.

"वहिनी, याला पुरायचं नाही. लाकडावर ठेवा अन् सुती दोऱ्यानं बांधा. दोरा कुजेपर्यंत मुळं लाकूड धरून घेतात."

"आणि नाही धरलं तर?"

"धरते ना. टाइम द्या थोडा."

पण दिव्याखाली अंधार. त्याच्याच टँकमध्ये पुढच्या कोपऱ्यातला झाडांचा झुबका रोज उपटलेला असायचा. कारण ब्रूस. ब्रूस म्हणजे त्याच्या मुलीचा, यशूचा, तळहाताएवढा गोल्डफिश. यशूची आई काही वर्षांपूर्वी गेली. पुढे यशू युनिव्हर्सिटीत शिकायला सिडनीला गेली आणि मासा इथे राहिला. गजभिये सकाळी झुबका लावून कामावर जायचा, आणि संध्याकाळी येऊन बघतो तर तो पाण्यावर. मग मला फोन. "ब्रूसनं पुन्हा शेती उपटली, मेट."

शेवटी मीच तोडगा काढला. आमच्या एका मित्राच्या फार्मवर छोटं तळं आहे, ब्रूसला तिथे पाठवायचं. यशूही फोनवर म्हणाली, "बाबा, ही विल बी हॅपिअर देअर." शनिवारी मी बादली घेऊन पोचलो. गजभियेने ब्रूसला जाळीने धरून बादलीत सोडलं, झुबका पुन्हा नीट रोवला, आणि आम्ही बघत बसलो. पाणी निवळलं. पान हललं नाही. इतका सुंदर टँक मी कधी पाहिला नव्हता, आणि तसं मी म्हणालोही.

"आता हे असंच राहील?" त्याने विचारलं.

"राहील की. तुला हेच तर हवं होतं."

त्याने ओला हात शर्टाला पुसला.

"सकाळी मी कप ओट्यावर ठेवून जातो," तो म्हणाला. "संध्याकाळी येतो, तर तो तिथंच. उशी तिथंच, चप्पल तिथंच. घरी आलो की कोणीतरी काहीतरी केलेलं पाहिजे ना रे."

इतकी वर्षं मी त्या फोनना तक्रारी समजत होतो. मी बादली उचलली आणि टँकच्या काठाला टेकवून हळूच तिरकी केली. ब्रूस पाण्यात उतरला, एक चक्कर मारली आणि सरळ कोपऱ्याकडे निघाला.

"बघ," गजभिये म्हणाला, "लागला कामाला."