अल्लीपूरवर घिरट्या

नानाजींच्या विमानात बसण्याआधी चपला ओसरीखाली काढाव्या लागत. वर्ध्यातल्या आमच्या गल्लीत, त्यांच्याच ओसरीवरून ते सुटायचं आणि तिथेच उतरायचं. खरं तर ते जागचं हलतच नसे, पण नानाजींच्या तोंडावर असं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

गावात टीव्ही यायच्या आधीचे दिवस. नानाजी कापसाच्या जिनिंगमधले निवृत्त फिटर. खरं विमान त्यांनी एकदाच, नागपूरला जाळीबाहेरून पाहिलेलं. घरी येऊन त्यांनी भंगारातल्या जीपच्या दोन सीटा बसवल्या, तिचंच स्टिअरिंग लावलं, वाऱ्यासाठी समोर टेबल फॅन ठेवला. सीटांपुढे काचेचं टेबल होतं आणि काचेखालून मांजरपाटाचा लांबच लांब तागा सरकायचा. त्यावर त्यांनी वर्धा आणि भोवतालचा मुलूख रंगवला होता, वरून दिसेल तसा. तागा पुढे सरकवायला शिवणयंत्राचं पायडल होतं. ते नानाजी स्वतः मारायचे.

प्रवाशाच्या कमरेला उपरणं बांधलं जाई. कानाला दडे बसू नयेत म्हणून हातावर बडीशेप.

"खाली पाहा. हे धाम नदी. आता केळझरची टेकडी येऊन राह्यली. गनपतीले नमस्कार करा, पन एका हातानं. दुसऱ्यानं सीट धरा."

आणि भलेभले लोक सीट धरायचे. माझे एक मामा तर टेकडीवरून वळताना डोळे मिटून रामरक्षा म्हणू लागले. मध्येच लाइट गेली आणि पंखा थांबला, की नानाजी शांतपणे सांगायचे, "हवा पडली. घाबराचं काम नाई."

चित्र मात्र अस्सल. त्यासाठी ते केळझरची टेकडी चढले होते, गावातल्या पाण्याच्या टाकीवरही चढले होते आणि चौकीदाराच्या शिव्या खाऊन उतरले होते. माझी तक्रार एकच होती. टेकड्या भुर्रकन मागे जायच्या, हिंगणघाटच्या गिरणीचं धुराडं दिसेनासं व्हायचं, आणि अल्लीपूर आलं की विमान रेंगाळायचं. नानाजी तागा पुढे न्यायचे, मागे आणायचे, पुन्हा पुढे. "घिरट्या घालून राह्यलो," म्हणायचे. खाली काय, तर एक कौलारू घर, विहीर, लिंबाचं झाड आणि अंगणात कपाळावर हात धरून वर बघणारी एक बाई.

"नानाजी, अल्लीपूरले ना टेकडी ना टाकी. हे वरून कुठून पाह्यलं तुमी?"

"अंदाजानं."

"इतकंच पाहाचं असंल तं कोपऱ्यावर एसटी थांबते."

"एसटीनं गेलं का उतरा लागते," ते म्हणाले, आणि पायडल जोरात मारू लागले.

ते घर त्यांच्या लेकीचं, शकूचं. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणीही पिऊ नये, ही आमच्याकडची जुनी रीत. शकूच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली, मूल काही झालं नाही. नानाजी दिवाळीचं लुगडं घेऊन जायचे आणि दारातूनच परतायचे. पुढे पुढे तर लुगडंही कोणाच्या हाती पाठवू लागले. दारातून परतताना तिचं तोंड पाहवत नाही, असं एकदा मला म्हणाले होते.

एका दुपारी शकू स्वतःच आली. मी ओसरीवरच होतो. ती आजवर कधी विमानात बसली नव्हती. नानाजींनी तिच्या कमरेला उपरणं बांधलं, बडीशेप दिली. धाम नदी, केळझर, हिंगणघाट, सगळं झालं. मग अल्लीपूर आलं. शकू काचेवर वाकली. स्वतःच्या अंगणाकडे, त्या वर बघणाऱ्या बाईकडे बराच वेळ बघत राहिली. नानाजी समोर पंख्याकडे बघत पायडल पुढे-मागे मारत होते.

तिनं पिशवीतून तांब्या काढला. तोंडाला फडकं बांधलेला.

"आपल्या हिरीचं पानी हाय, बाबा. घ्या."

"शकू, रीत..."

"रीत घरची हाय ना? आपुन तं वर हावो."

नानाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघू लागलो. मग त्यांनी एका हातानं स्टिअरिंग धरलं, दुसऱ्यानं तांब्या घेतला आणि वरूनच घटाघटा प्यायले. पाणी सदऱ्यावर सांडलं.

"गोड हाय वो पोरी," ते म्हणाले. "इतकं गोड पानी... सांगितलं काऊन नाई?"

"दरवेळेस सांगत होती, बाबा. तुमी दारातूनच परतत होते."

कोपऱ्यावर अल्लीपूरची एसटी येऊन थांबली, माणसं चढली, ती निघूनही गेली. नानाजींचा पाय पायडलवर तसाच होता. पंख्याचा वारा सुरू होता, आणि विमान बराच वेळ त्या एकाच अंगणावर थांबून राहिलं.