चोरीला गेलेली शाळा

"लिही," मामा म्हणाला. "डोळे घारीचे. कान सशाचे. नाक मुंगीचं."

"मुंगीला नाक असतं?" ठिणगीनं विचारलं.

"साखरेचा डबा उघडा ठेवून बघ, म्हणजे कळेल असतं की नाही. लिही पुढे. आणि डोकं... डोकं मात्र त्याचं स्वतःचंच."

"ते कुणीही ओळखेल." ठिणगीनं पेन आपटलं. "मामा, माझी शाळा चोरीला गेलीय आणि तू मला तुझी जाहिरात लिहायला बसवतोस?"

"जाहिरात नाही ही. प्रत्येक केसची सुरुवात तपास करणाऱ्याच्या वर्णनानं होते. वाचणाऱ्याला आधीच धीर येतो."

मामाचं कुलूप-किल्लीचं दुकान एवढंसं होतं, की गिऱ्हाईक आत आलं की मामाला पोट आत घ्यावं लागायचं. भिंतभर खिळे आणि खिळ्याखिळ्याला किल्ल्या. बाहेर पाटी, 'कुलपे दुरुस्त करून मिळतील', आणि तिच्याखाली लुकलुकणाऱ्या दिव्यांत, 'गुप्त तपास करून मिळेल'. तपास गुप्त, पण पाटी चौकातून दिसायची.

आतापर्यंत मामानं दोन केसेस सोडवल्या होत्या. पहिली मामीच्या हरवलेल्या कात्रीची. मामा ज्या उशीवर बसून विचार करत होता, त्याच उशीखाली कात्री निघाली. दुसरी शेजाऱ्यांच्या हरवलेल्या मांजराची. ते मांजर हरवलंच नव्हतं, माळ्यावर झोपलं होतं. पण मामानं ते शोधून आणून दिलं. शेजाऱ्यांकडे आता दोन मांजरं आहेत.

ही तिसरी केस. भाचीची. आणि भाची म्हणजे ठिणगी. तिला हे नाव कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण का ठेवलं ते विचारायची गरज कुणाला पडली नाही.

खरी शाळा तिनं मागच्या वर्षी सोडली. गणिताच्या सरांशी एकदा वाजलं, ती दप्तर उचलून निघाली ती निघालीच. मग घरी बसून केलं काय, तर शाळाच बांधली. कॉम्प्युटरच्या गेममध्ये आपल्याला हवी तशी जागा उभी करता येते. तिला मॅप म्हणतात, लोक त्यात शिरून खेळतात. ठिणगीच्या मॅपचं नाव 'घंटेच्या आत'. शेवटची घंटा व्हायच्या आत शाळेतून पळायचं, एवढाच खेळ. गणिताचे सर म्हणजे व्हरांड्यात फिरणारा राक्षस. खेळाच्या सरांनी शिट्टी फुंकली की पाय जागच्या जागी थिजणार. जिन्याची तुटकी पायरी, फळ्यावरचा कधीच न पुसला जाणारा डाग, प्रयोगशाळेचं अडकणारं दार, सगळं जिथल्या तिथं. ज्या शाळेत तिला एक तास धड बसवत नव्हतं, तिची वीट न् वीट तिला पाठ होती.

हा मॅप तिनं एका मोठ्या स्पर्धेला पाठवला होता. आईनं सरळ सांगितलं होतं, "त्यांनी घेतला, तर कॉम्प्युटरचंच शीक, मी अवाक्षर काढणार नाही. नाही घेतला, तर सोमवारपासून शाळा. खरी. राक्षसासकट."

आणि आज सकाळी स्पर्धावाल्यांचा मेल आला. तुमचा मॅप आधीच नेटवर फिरतोय. तुम्हीच बनवला असेल, तर मूळ उघडी फाइल संध्याकाळपर्यंत पाठवा. नाहीतर बाद.

खरी गोची इथेच होती. मॅप चोरला जाऊ नये म्हणून त्याला कुलूप घालायचा एक प्रोग्रॅम असतो. कुलूप पडलं की मॅप खेळता येतो, पण उघडून आत बदल करता येत नाही. कुणालाच नाही, बनवणाऱ्यालाही नाही. म्हणून शहाणी माणसं मूळ उघडी फाइल वेगळी जपून ठेवतात. घरच्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्रॅम चालेना, म्हणून ठिणगी पेनड्राइव्ह घेऊन मामाच्या दुकानात आली होती. कुलूप घालून झाल्यावर मामा म्हणाला, "माल पेटीत बंद, आणि तोच माल बाहेर उघड्यावर? चोर पेटीशी कशाला झटेल? पुसून टाक ती उघडी." धंद्यातला माणूस म्हणतोय म्हणून तिनं पुसली.

आता कुलूप इतकं पक्कं होतं की अख्ख्या जगात शाळेची मालकीणच तेवढी शाळेबाहेर होती.

"चोर पकडला की त्याच्याकडे उघडी फाइल सापडेल," ठिणगी म्हणाली. "संध्याकाळच्या आत. सरक, कॉम्प्युटर चालू करते."

"खबरदार!" मामा कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे आडवा झाला. "दुपारचा तो तुझ्या मामीचा असतो. कुणी हात लावला तर मला जेवण नाही. पुरावा फोनवर दाखव."

ठिणगीनं चोरलेल्या मॅपचे फोटो फोनवर आणलेच होते. "हा पाण्याचा नळ बघ. थेंब खाली पडत नाहीत, वर जातात. ही माझी खूण. दुसरं कुणी असला नळ करणार नाही."

"दुरुस्त का नाही केलास?"

"मामा!"

"बरं, बरं. आणि ही?" मामानं फोन नाकाला लावला. "ही मागची खिडकी उघडी आहे."

"तेच सांगतेय! ती मी अगदी शेवटी बंद केली, इथे बसून, कुलूप घालायच्या जरा आधी. म्हणजे चोरानं कुलूप फोडलंच नाही, त्याच्या आधीच—"

"खिडकीतून आला!" मामानं मांडीवर थाप मारली. "उघडी खिडकी! बारीक अंगाचा माणूस आहे."

ठिणगीनं भिंतीकडे बघून दीर्घ श्वास घेतला. "मामा, ती खिडकी गेममध्ये आहे."

"चोरसुद्धा गेममधलाच आहे. लिही, बारीक अंगाचा."

बारीक अंगाचा म्हटल्यावर ठिणगीच्या डोक्यात एकच नाव आलं. मॅपला कुलूप घातलं त्या दिवशी सायकलच्या कुलपाची किल्ली करून घ्यायला दुकानात गोंद आला होता. गोंद समोरच्याच घरात राहायचा. तोही मॅप बनवायचा, म्हणजे ठिणगीचं भिंतकाम, दुसऱ्याची झाडं, तिसऱ्याचं आकाश एकत्र चिकटवायचा, म्हणून गोंद. ठिणगी रस्ता ओलांडून गेली आणि त्याच्या कानातले हेडफोन उपटून काढले.

"माझी शाळा तू नेटवर टाकलीस?"

"कुणाच्या नावानं आहे?" गोंदनं शांतपणे विचारलं.

"'खेळाडू'."

"मग मी नाही. मी चोरली असती तर खाली ठळक अक्षरात माझं नाव घातलं असतं. नाव नाही लावायचं, तर चोरायचं कशाला? मेहनत काय कमी असते?"

ठिणगीला राग आला, पण मुद्दा पटला. 'खेळाडू' हे नाव गेम स्वतःच देतं, ज्यानं नाव टाकायचा कंटाळा केला त्याला. गोंद एक वेळ श्वास घ्यायचा कंटाळा करेल, नाव टाकायचा नाही.

दुकानात परत येऊन तिनं हे सांगितलं, तर मामा डोळे मिटून हसत होता.

"गेम देतं म्हणे! खेळाडू कोण? जो खेळतो. रोज खेळतो आणि पगारही खेळायचाच घेतो असा तुमच्या शाळेत कोण?"

"मामा, नाही."

"खेळाचे सर! आणि तू त्यांना शिट्टीवाला राक्षस केलंस. सूड! लिही."

"ते बारीक आहेत का?"

"सूडानं माणूस वाळतो."

आणि नेमकं त्याच वेळी दारात खेळाचे सर उभे राहिले. दारात म्हणजे दारभर. मामाला पोट आत घ्यावं लागलं, सरांनाही, तरी दोघं मावले नाहीत. सरांच्या हातात चेंडूंच्या कपाटाचं गंजलेलं कुलूप होतं.

"हे उघडत नाही," सर म्हणाले.

"उघडेल. आधी तुम्ही तोंड उघडा," मामा म्हणाला. "खिडकीतून तुम्ही कसे शिरलात?"

"कुठल्या खिडकीतून?"

"म्हणजे खिडक्या एकापेक्षा जास्त आहेत! लिही गं."

सरांनी ठिणगीकडे बघितलं. वर्षभरानं. ठिणगीला वाटलं, जमीन दुभंगावी, पण दुकानात तेवढीही जागा नव्हती. शेवटी तिनंच फोन पुढे केला आणि घडलं ते सांगितलं. सर एकेक फोटो बघत राहिले. तुटकी पायरी. डाग. मैदान. मग शिट्टीवाला राक्षस.

"हा मी?"

"...हो."

सरांनी राक्षसाचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मामानं कानात कुजबुज केली, "गुन्हेगार खचतोय."

"मैदान एवढं मोठं नाही आपलं," सर म्हणाले. "एवढं असतं तर..." पुढचं त्यांनी गिळलं. "आणि शिट्टी मी डाव्या हातात धरतो."

आपला राग कुठे ठेवावा ते ठिणगीला कळेना. सोमवार जवळ येत होता, चोर बारीक राहिला नव्हता, आणि मामा सरांचं कुलूप उघडता उघडता किल्ली आतच मोडून बसला होता.

"पोरी, धीर सोडू नकोस," मामा म्हणाला. "तिसरा तर्क तयार आहे. मांजर."

इतक्यात जेवणाचा डबा घेऊन मामी आली. "सरका, सरका. काय गर्दी ही! अहो, पोट आत घ्या." डबा तिनं मामाच्या मांडीवर ठेवला, स्टूल ओढलं, कॉम्प्युटर चालू केला आणि पदर खोचावा तसं बाही वर करून बसली. कुणी काही विचारायच्या आत दुकानात व्हरांड्यातल्या पावलांचा आवाज घुमला. हा आवाज ठिणगीनं स्वतःच्या चपला फरशीवर आपटून घरी रेकॉर्ड केला होता.

पडद्यावर तिची शाळा होती. मागची खिडकी उघडी.

"मामी... हे काय?"

"माझी शाळा," मामी म्हणाली. "दुपारी गिऱ्हाईक नसतं ना, तेव्हा जाते मी."

"तुझी? तुला कुणी दिली?"

"यांनीच. आणखी कोण देणार?"

सगळ्यांचे डोळे मामावर. मामानं घास तोंडातच थांबवला आणि हळूच मान वळवून भिंतीवरच्या किल्ल्यांकडे बघितलं.

"असं आहे," तो म्हणाला, "आमच्या धंद्यात कुलूप बसवायच्या आधी एक जोडकिल्ली करून खिळ्याला लावायची असते. गिऱ्हाईक आज ना उद्या रडत येतंच. त्या दिवशी तू चहा आणायला गेलीस. पेनड्राइव्ह समोर. उघडी फाइल. हात आपोआप जातो गं. केली असेन एक."

"आणि मला सांगितलंस उघडी फाइल पुसून टाक!"

"तुझी. माझी कशाला पुसू?"

ठिणगीनं पुन्हा पेन आपटलं. "आणि नेटवर?"

"ती मी टाकली," मामी पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "एकटीला कंटाळा यायचा. खाली बटण होतं, 'सगळ्यांना बोलवा'. बोलवलं. शाळेत एकटंच मूल बरं दिसतं का?"

"मग आधी सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

ते मात्र खरं होतं. तपास दुकानात झाला, समोरच्या घरात झाला, खेळाच्या सरांचा झाला. मामीला कुणी विचारलं नव्हतं, कारण ती घारही नव्हती, ससाही नव्हती.

आणि मग ठिणगीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उघडी फाइल! तिची पुसली गेली होती, पण मामाच्या खिळ्याला एक लटकत होती. जिच्यामुळे सगळी गोची झाली, तीच चोरी आता वाचवणार होती. तिनं मामीला अर्धं स्टुलावरून ढकललं, फाइल शोधली, मॅप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. उघडली! थेंब वर जात होते. तिनं ती स्पर्धावाल्यांना पाठवून दिली.

"चोर घरातलाच निघणार, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो," मामा डबा पुसत म्हणाला.

"कधी म्हणालात?" मामीनं विचारलं.

"मनात. गुप्त तपास आहे."

उत्तर यायला वेळ होता. सर मोडक्या किल्लीचं कुलूप घेऊन गेले नाहीत, तिथेच दाराला टेकून उभे राहिले. मामी पुन्हा शाळेत शिरली. ठिणगी मागून बघत होती. बनवणाऱ्याला इतरांचं खेळणं बघवत नाही, हात शिवशिवतात.

"मामी, पळ ना! डावीकडून जिना आहे. गणिताचे सर येतायत!"

"पळायचं कशाला?" मामी म्हणाली. ती पाचवीच्या वर्गात गेली आणि शेवटच्या बाकावर बसली. राक्षस दारात आला. बघितलं. निघून गेला.

ठिणगी बघतच राहिली. "हे... असं होतं?"

"रोज होतं. गप बसून राहिलं की तो काही करत नाही. खिडकीतून मैदान दिसतं. ही बाकीची पोरंही हल्ली इथेच येऊन बसतात."

खरंच, बाकाबाकावर कुठले कुठले 'खेळाडू' बसले होते. मॅप बनवताना ठिणगीनं पळायच्या सगळ्या वाटा पुन्हा पुन्हा तपासल्या होत्या. बसून राहिलं तर काय होतं, हे तपासायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

फोन वाजला. स्पर्धावाल्यांचा मेल. मॅप तुमचाच आहे, स्पर्धेत घेतला आहे. मामानं तो मोठ्यानं वाचला, आईला फोन लावला आणि केसचं सगळं श्रेय पहिल्याच वाक्यात घेऊन टाकलं. सर "शाब्बास" म्हणाले, आणि दारातून निघता निघता डावा हात वर केला. ठिणगीनं मान डोलावली. बदलेन.

"चल, नीघ," मामा म्हणाला. "सुटलीस शाळेतून."

मामीनं स्टुलावर सरकून जागा केली. पडद्यावर घंटा व्हायला थोडाच वेळ उरला होता, राक्षस पुन्हा एक चक्कर मारून गेला, आणि ठिणगी मामीला चिकटून, हनुवटी हातावर टेकून, शेवटच्या बाकावरून मैदान बघत राहिली.

घंटा झाली. ती उठली नाही.