वाळूराज्यात मारुतरायाने सही केली त्याची हकीकत

श्रीमारुतरायाचे चरणी माथा ठेवून, कीर्तनात टाळकऱ्यांच्या मागल्या सतरंजीवर बसून जे कानी पडले आणि डोळा देखिले ते स्मरून, ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एक राज्य होते आणि त्या राज्यात पार्सलखाते थोर होते. माहेरची साडी सासरी, कोकणची आमसुले देशावर, मामाच्या घरी विसरलेला चष्मा परत भाच्याकडे, ऐसे सर्व तेच पोहोचवीत असे. परंतु खात्याचे जुने सॉफ्टवेअर वार्धक्याने थकले, आणि एके दिवशी निजले ते उठेचना. मग खात्याच्या मुख्य वेणूबाई यांणी नवे सॉफ्टवेअर सिद्ध केले आणि दिवाण नागोजीपंतांस वर्दी दिली की, काम तयार आहे, परीक्षा तेवढी राहिली.

दिवाणसाहेबांस परीक्षेचे नाव ऐकवेना. कारण ऐसे की, त्यांची कन्या अंबूताई दुसरे बाळंतपण म्हणोन घाटावर सासरीच राहिली होती, तीस मुलगी जाहली, आणि दिवाणीणबाईंनी नातीकरिता आपल्या जुन्या मऊ लुगड्याची कुंची शिवून, सोबत डिंकाचे लाडू घालून पुडके बांधिले होते. बारशास बाळाचे डोक्यावर आजीची कुंची नाही, ऐसे त्या घराण्यात कधी घडले नव्हते, आणि बारसे तर तोंडावर आले. मग दिवाणसाहेब बोलिले, "वेणूबाई, खोटी पुडकी खोट्या घरी पाठवून काय मिळवायचं? खरं काम सुरू करा, आणि पहिलं पुडकं आमचं घ्या." वेणूबाई नम्र खऱ्या, परंतु चिवट. त्या बोलिल्या, "पंत, बुवा कीर्तनाला उभे राहण्याआधी घरी पेटीवाल्याबरोबर बसतात ना? तिथं सूर चुकला तर घरातलं मांजर तेवढं पळतं." दिवाणसाहेब हसले नाहीत, पण परीक्षेस रुकार दिला.

मग वेणूबाईंनी संगणकाच्या पोटातच एक निराळे राज्य रचिले. त्यास वाळूराज्य म्हणत, कारण मुले वाळूत किल्ला रचितात आणि तो ढासळला तरी कोणाचे छप्पर उडत नाही, तद्वत. तेथील पुडकी खोटी, वाहणारे खोटे, घेणारे खोटे, आणि तेथून खऱ्या राज्यात काडीही जाऊ नये ऐसी वेस बंद केलेली. पत्ते मात्र रयत लिहिते तैसेच घातले. दिवाणसाहेब फेरी मारावयास आले, आणि एक खुर्ची रिकामी पाहून बसले, आणि कोणी पाहत नाही ऐसे पाहून, हे खरेच काम समजून, आपल्या पुडक्याची नोंद करोन मोकळे जाहले. क्षणात पडद्यावर अक्षरे उमटली की, पुडके पोहोचले, सही मिळाली. मग काय विचारता! दिवाणसाहेबांनी कचेरीत जिलबी वाटली आणि घरी फोन करोन शुभवर्तमान सांगितले. दिवाणीणबाई बोलिल्या, "अहो, पुडकं तर इथं परातीत आहे. मुंग्या लागू नयेत म्हणून भोवती पाणी घातलंय."

दिवाणसाहेब जिलबी हातात तैसीच घेऊन वेणूबाईंकडे गेले, आणि वेणूबाईंनी सही कोणाची ते पाहिले, तो घेणाराचे नाव श्रीमारुती. आणि एकच पुडके नव्हे, अवघ्या वाळूराज्याची पुडकी, औषधे, पुस्तके, लग्नाचे शालू, सर्व राजधानीच्या वेशीवरील एका मारुतीपुढे रचून ठेविलेली. कारण त्या राज्यात पत्ता म्हणोन जो तो 'मारुतीच्या देवळामागे' इतकेच लिही, आणि गावोगाव मारुती, आणि सॉफ्टवेअरास जो पहिला मारुती सापडला तोच खरा वाटला. दिवाणसाहेबांनी जिलबी खाली ठेविली आणि पुसिले की, हे खरेच सुरू केले असते तर? वेणूबाई बोलिल्या, "तर कुंची मारुतीच्या डोक्यावर असती, पंत."

त्याच सायंकाळी चौकात रंगोबुवांचे कीर्तन होते, आणि ते फोनवरून गावोगाव ऐकू जात असे. वेणूबाईंनी बुवांचे कानी गोष्ट घातली. पूर्वरंग संपला आणि बुवांनी चिपळ्या थांबवून श्रोत्यांस म्हटले, "ज्याला औषधी ओळखू येईना म्हणून अख्खा डोंगर उचलून आणला, त्याच्या भरवशावर तुम्ही पत्ते लिहिता! आपापल्या मारुतीचं नाव सांगा बघू." मग हशा उसळला, आणि नावांचा जो पाऊस पडला तो काय वर्णावा. जांभळ्या मारुती, भाकऱ्या मारुती, पाठमोरा मारुती, आणि एका गावचे दोन भाऊ आमचाच मारुती थोरला म्हणोन सभेतच भांडले, तेव्हा बुवांनी दोघांच्या गळ्यात एकच हार घालोन मिटविले. वेणूबाईंची माणसे सर्व लिहून घेत होती. इतक्यात घाटावरून अंबूताईंचा आवाज आला, "बाबा, आमचा खोकल्या मारुती. गूळ वाहिला की खोकला जातो. बाळ मांडीवर आहे, तीही ऐकतेय." टाळकऱ्यांत बसलेल्या दिवाणसाहेबांनी उपरण्याने डोळे पुसले आणि टाळ इतक्या जोराने वाजविला की बुवांचा ताल चुकला.

मग नवी नावे घालोन वाळूराज्यात पुनः पुडकी सोडिली, आणि जे ते आपापल्या मारुतीमागे गेले. वेणूबाई बोलिल्या की आता वेस उघडू. तेव्हा दिवाणसाहेबच म्हणाले, "अजून एकदा चालवा. बारसं आहे, पण घरं सगळ्यांचीच आहेत." एकदा आणखी चालविले, सर्व नीट उतरले, मग वेस उघडली आणि परातीतील पुडके निघाले. बारशाचे सकाळी पडद्यावर पोहोचले ऐसे उमटले, परंतु दिवाणसाहेबांनी जिलबीस हात लाविला नाही. कन्येकडून छबी आली, तीत लुगड्याच्या कुंचीत नात निजलेली आणि शेजारी अंबूताईंचे तोंड लाडवाने भरलेले, तेव्हा लाविला.

सारांश, वाळूराज्य दिवाणसाहेबांच्या हुकुमाने कायम राहिले. सॉफ्टवेअरात काही बदल करणे तर आधी तेथेच करावा, आणि दरवेळी पहिले खोटे पुडके, आत खोटे लाडू, श्रीमारुतीच्या नावे सोडावे ऐसा रिवाज पडला. त्याची सही आजवर एकदाही चुकली नाही. ती संगणकाची म्हणोन वेणूबाई सांगतात. लाडू खोटे असले तरी भाव खरा, म्हणोन आम्ही ती मारुतरायाचीच समजतो.