हिरव्या खोक्यातला उपास

खोकी भरताना एव्हांथिया मनातल्या मनात मरियामातेची स्तुती म्हणायची. शीतघराचं दार उघडलं की पांढरं धुकं तिच्या पायांशी येऊन लोळायचं आणि आपण ढगावर उभं राहून काम करतोय, असं तिला वाटायचं. ईस्टरआधीच्या उपासात दूध-चीजही वर्ज्य असतं; त्याच दिवसांत, अशाच एका ढगावर असताना, तिने चुकून दिवसभर चीजचे गोठवलेले पॅटिस उपासाच्या हिरव्या खोक्यांत भरले.

गावाबाहेरच्या मोठ्या कंपनीचे पॅटिस स्वस्त होते. या उपासात माल खपला, तरच स्टामाटिसचा छोटा कारखाना तगणार होता.

आणि खपला! दुकानांपुढे रांगा लागल्या.

"उपासाचं असून इतकं चविष्ट? काय घालता हो आत?"

"श्रद्धा!" स्टामाटिस छाती फुगवून म्हणायचा.

एव्हांथियाने घरी हिरव्या खोक्यातला एक तळला, आणि चीजची तार ताटापासून ओठांपर्यंत लांबली. ती धावतच कारखान्यात गेली.

"मालक, हिरव्यात चीज गेलंय."

"कुणाला कळलं?"

"मला."

"मग तूच विसर. नकळत खाल्लं तर पाप नाही, असं फादरच सांगतात. निम्मा माल अजून आत पडलाय, बाई!"

रात्रभर तिला झोप लागली नाही. सकाळी तिने फादर लाम्ब्रोसांकडे कबुली दिली.

"ज्यांनी नकळत खाल्लं, त्यांना दोष नाही," फादर म्हणाले.

"देवाची कृपा!"

"त्यांच्यावर. पण मला आता कळलं ना! घरी चार खोकी आहेत, एव्हांथियाबाई. एवढी घाई होती का सांगायची?"

कबुलीतलं गुपित फोडता येत नाही. रविवारी दोघी बायकांनी गरम पॅटिस पुढे केले, तेव्हा फादरनी डोळे मिटून नुसती मान हलवली.

"अहो फादर, उपासाचंच आहे!"

"नको, बाळांनो." आवाज इतका व्याकूळ, की दोघींनी डोळ्यांना पदर लावावा तसे रुमाल लावले.

"फादरनी पॅटिससुद्धा सोडले! आणि आपण मेल्या चापतोय!"

बुधवारपर्यंत रांगा विरल्या. गाव ऑलिव्ह आणि कोरड्या पावावर आलं.

"त्या मोठ्या कंपनीचाही माल पडून आहे म्हणे," स्टामाटिस शीतघराच्या उघड्या दारापुढे धुक्यात उभा राहून पुटपुटला. "झालंय काय गावाला?"

"उपास करतंय, मालक. अगदी मनापासून."

"आणि मी काय करू?"

एव्हांथियाने शीतघराचं दार अलगद लावलं.

"तुमचाही सुरू झालाय," ती मायेने म्हणाली.