गजाअण्णांचा विंटर

मालवणात थंडी पडते असं ठामपणे म्हणणारा एकच माणूस मला माहीत आहे. दिवाळी उरकली की दुसऱ्या दिवशी सकाळी गजाअण्णा माकडटोपी घालून रस्त्यावर येतात. अंगात निळा लोकरी स्वेटर, खाली अर्धी चड्डी. बाकीची आळी उघड्या अंगाने पंख्याखाली बसलेली असते. अण्णा आळीच्या मधोमध उभे राहून दोन्ही हात वर करतात आणि ओरडतात, "विंटर इलो!"

"अण्णा, घामाघूम झालात की हो," मी पहिल्या वर्षी म्हटलं होतं.

"तो घाम न्हय, बाईनु. दंव."

बाईनु म्हणजे मी. इथल्या शाळेत नोकरी लागली म्हणून कोल्हापूरहून आले आणि इंदूकाकींच्या माडीवर भाड्याने राहिले. समोरच अण्णांचं घर. अण्णांची सगळी उमर मालवाहू जहाजांवर गेली. दर थंडीत ते कुठल्या तरी दूरच्या, गोठलेल्या बंदरात असायचे, आणि त्या सगळ्या बंदरांवर त्यांचा अजून राग आहे.

"थंय विंटरात झाडां म्हणजे उभे करून ठेवलेले खराटे," ते सांगतात. "पान नाय, फूल नाय. रस्तो राखाडी, आभाळ राखाडी, माणसांसुद्दा राखाडी. तेका काय विंटर म्हणतत? आता हयसर बघा!"

मग बघावंच लागतं. आमची आळी बाजारापासून धक्क्यापर्यंत जाते. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणभिंती, आणि नोव्हेंबरपासून त्या गडग्यांवर नुसता गोंधळ असतो. पिवळे गोंडे, शेवंती, अबोली, जांभळी कोरांटी. मांडवावर वालीच्या शेंगा लोंबत असतात. आंब्याला मोहर धरू लागलेला असतो. गंमत म्हणजे यातलं निम्मं अण्णांनी लावलेलं असतं, तेही दुसऱ्यांच्या दारात, न विचारता. कुणाच्या घरी सत्यनारायणाला गेले तर येताना प्रसादाबरोबर झाडाची एक फांदीही आणतात, आणि ती तिसऱ्याच्याच कुंपणाला खोचतात.

छाटणीही अशीच. कोयती घेऊन पहाटे निघतात आणि दिसेल त्या झाडाची हजामत करतात. इंदूकाकी एकदा अंगणात आल्या आणि किंचाळल्याच. "माझ्या तगरीक बोडकी केल्यान गो!"

"येक म्हयनो थांब," अण्णा रस्त्यावरून म्हणाले. "मगे माका हार घालूक येशीत."

हार कुणी घातला नाही, पण तगर फुलली. काकींनी ती फुलं देवाला वाहिली आणि अण्णांशी पंधरवडाभर बोलल्या नाहीत.

डिसेंबरात मालवण पर्यटकांनी भरून जातं. भाड्याच्या स्कूटरवरून, गळ्यात कॅमेरे अडकवून ही मंडळी आमच्या आळीत शिरतात, कारण किल्ल्याच्या होड्या धक्क्यावरून सुटतात. अण्णा त्यांना अडवतात. एका पुण्याच्या कुटुंबाला त्यांनी आळीच्या तोंडापासून शेवटापर्यंत एकेक गडगा दाखवत नेलं. त्यांची होडी चुकली. त्यातले गृहस्थ चिडून म्हणाले, "अहो, आम्हाला किल्ला बघायचाय."

"किल्लो खंय पळान जाता?" अण्णा शांतपणे म्हणाले. "महाराजांनी बांधलेलो तो. थंयच आसतलो. ही शेवंती पुढच्या आयतवारी नसतली."

गृहस्थ घड्याळाकडे बघू लागले. त्यांच्या बायकोने मात्र शेवंतीचा फोटो काढला, आणि जाताना अण्णांना वाकून नमस्कार केला. अण्णा दिवसभर आळीत सांगत फिरत होते, "ह्येका म्हणतत पर्यटन!"

माझी आणि त्यांची खरी ओळख मात्र चोरीच्या प्रकरणात झाली. आळीत येऊन मला थोडेच दिवस झाले होते. सकाळी खिडकी उघडली तर समोर अण्णांच्या घराला लागून असलेल्या बंद घराचा गडगा ओलांडून एक माणूस आत उतरत होता. तोंडावर टोपी, कमरेला कोयती. मी जीव खाऊन ओरडले, "चोर! चोर!"

इंदूकाकी अंगण झाडायची वाढवण घेऊन धावत बाहेर आल्या. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि वाढवण खाली ठेवली.

"चोर खंयचो? तो आपल्याच घरात चोरी करता."

चहा टाकता टाकता काकींनी मला सगळं सांगितलं. समोरची दोन घरं मुळात एकच. अण्णांचे धाकटे भाऊ सुरेश मुंबईला नोकरीला होते. आई आजारी पडली तेव्हा अण्णा दर्यावर. सुरेशनी आईला मुंबईला नेलं, आणि ती तिथेच गेली. अण्णा परत आले ते थेट बाराव्याला. सगळ्यांदेखत ते भावाला म्हणाले, आयेक तिच्या अंगणातून उपटून न्हेलंस आणि मारलंस. सुरेश म्हणाले, तू खंय होतंस तेव्हा? त्यानंतर वाटण्या झाल्या, अंगणात मधोमध गडगा उभा राहिला, आणि अण्णांनी लग्नच केलेलं नसल्यामुळे गडग्याच्या अलीकडे ते एकटे उरले.

"आणि तेच्या अंगणात पाणी कोण घालता?" काकी म्हणाल्या. "ह्योच. आपल्या झाडांका मागाहून."

संध्याकाळी अण्णा जिन्याखाली येऊन उभे राहिले. टोपी हातात होती. टोपीशिवाय ते एकदम लहान दिसले.

"बाईनु, बघलास ता बघलास. कोणाक सांगू नका."

"अण्णा, सगळ्या आळीला माहीत आहे."

"आळयेक म्हायत आसा. सुरेशाक नाय." जरा थांबून ते म्हणाले, "तेना इचारल्यान तर पाणी तुमी घालतास. काय?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सुरेश दर वर्षी सहकुटुंब आंगणेवाडीच्या जत्रेला यायचे. मसुऱ्याला जाऊन भराडीदेवीचं दर्शन घ्यायचं, चार दिवस घर उघडून बसायचं आणि परत. जत्रेची तारीख ठरली की अण्णांच्या अंगात यायचं. भावाचं अंगण झाडायचे, झाडांना आळी करायचे, वाळकी पानं वेचायचे. आणि सुरेशची रिक्षा आळीच्या तोंडाशी आली की हे मागच्या दाराने धक्क्यावर पसार. चार दिवस होड्यांच्या सावलीत बसून राहायचे.

सुरेश माझे आभार मानायचे. "बाई, तुमच्यामुळे अंगण जिवंत आहे," म्हणत माहीमच्या हलव्याचा बॉक्स हातात ठेवायचे. तो मी अण्णांना नेऊन द्यायची. "गोड जास्ती आसा," असं म्हणत अण्णा तो दोन दिवसांत संपवायचे.

यंदा मात्र गडबड झाली. दोन अंगणांमधल्या गडग्यावर, सुरेशच्या बाजूने, त्यांच्या आईच्या वेळची एक जुनी संक्रांतवेल आहे. ती यंदा अशी काही फुलली होती, की गडगा दिसतच नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या अंगावरही नारिंगी उजेड पडायचा. फुलांच्या भाराने ती खाली ओघळायला लागली म्हणून अण्णांनी शिडी लावली, वेल नायलॉनच्या दोरीने बांधली आणि उतरताना शेवटची पायरी चुकले. पाय मुरगळला. सुरेश आले त्या सकाळी अण्णांना धक्क्यावर पळता आलं नाही. ते आपल्या अंगणात, गडग्याला पाठ लावून, श्वास रोखून बसले होते. मला माडीवरून दिसत होते.

या वेळी सुरेश एकटेच आले होते. त्यांनी मला खाली बोलावलं. वेलीपुढे उभे राहून ते दोरी निरखत होते.

"बाई, ही वेल तुम्हीच बांधलीत?"

"हो," मी म्हटलं.

"ही गाठ तुम्ही मारली?"

"हो."

त्यांनी दोरीचं लोंबतं टोक माझ्या हातात दिलं. "मग अशीच आणखी एक मारून दाखवा."

मी मारली. वेणीची रिबन बांधतात तशी झाली. सुरेश हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ शर्टाला पुसत राहिले.

"ही जहाजावरची गाठ," ते म्हणाले. "दादा सुट्टीवर आला की होडीच्या दोरीवर शिकवायचा. मला कधीच जमली नाही."

मग ते गडग्याजवळ गेले आणि चिऱ्यांकडे बघत मोठ्याने म्हणाले, "दादा, गाठ सैल झाली हा."

पलीकडे काहीतरी धडपडलं. आणि मग एकदम, "सैल? माझी गाठ सैल?" एक लाल झालेला चेहरा गडग्यावर आला. एका पायावर उभे असल्यामुळे अण्णा डोलत होते. "वादळात जहाज धरून ठेवल्यान त्या गाठीन! हात लावू नको तिका!"

"लावूक नाय हात."

"मगे?"

"मगे काय नाय."

मी जायला वळले, तेवढ्यात सुरेशचा आवाज आला. मुंबईचा आवाज नव्हता तो.

"आयेन इचारल्यान होता माका. शेवटी शेवटी. दारातली वेल फुलली काय, म्हणान."

अण्णांनी गडगा घट्ट धरला. "तू काय सांगलंस?"

"फुलली म्हणान सांगलंय."

"फुललेली?"

"माका काय म्हायत, दादा? मी मुंबैत, तू दर्यार. हयसर होता कोण बघूक?"

वरून एक फूल निसटून अण्णांच्या खांद्यावर पडलं, ते त्यांनी झटकलं नाही. मग अगदी हळू म्हणाले, "फुलली आसतली रे. थंडीचे दिवस होते ते. फुललीच आसतली."

मी माडीवर निघून आले. थोड्या वेळाने जिन्यावर थपथप आवाज आला, एक पाय टेकत, एक ओढत. दारात अण्णा. हातात रिकामा तांब्या.

"बाईनु, वायच दूध आसा?" ते तांब्याकडे बघत म्हणाले. "माझ्याकडे येकट्यापुरताच येता. आणि भाव इलो हा चायक."

मी सकाळची अख्खी पिशवी तांब्यात रिकामी केली. त्यांनी एकदाही "पुरे" म्हटलं नाही. मुरगळलेला पाय विसरून ते जिना असे उतरले, की मीच वरून ओरडले, "अण्णा, सावकाश!"

"च्याचा पाणी उकळता थंय!" ते खालून म्हणाले.